उन्हाच्या मुलखातला अंधार

मराठवाड्याचा फोटो म्हटलं की काय दिसणार, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. भेगाळलेली जमीन. टँकरभोवती घागरींची झुंबड. आभाळाकडे डोळे लावून बसलेला, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा म्हातारा शेतकरी. हे फोटो खोटे आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ते जगाला दाखवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. पण एखाद्या मुलखाचं एवढंच चित्र वर्षानुवर्षं बाहेर जात राहिलं की तिथली माणसंसुद्धा स्वतःकडे त्याच चौकटीतून बघायला लागतात. आमच्याकडचा पोरगा नवा कॅमेरा घेतो आणि पहिल्याच रविवारी भेगाळलेली जमीन शोधायला निघतो. त्याच्याच घरात, आजीच्या खोलीत, भर दुपारी जे चाललेलं असतं त्याचाही फोटो होतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

"ताई, आर्ट फोटोग्राफी शिकायचीय, कुठला कॅमेरा घेऊ? कुठला कोर्स लावू?" असं विचारणारी मुलंमुली आता परभणी, सेलू, अंबाजोगाई, उदगीर अशा गावांतून भेटतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लग्नाचा फोटो लग्न झाल्याचं सांगतो, बातमीचा फोटो घटना घडल्याचं. आर्ट फोटोग्राफीत समोर काय आहे याला तेवढं महत्त्व नाही. ते बघताना फोटो काढणाऱ्याला काय जाणवलं आणि ते जाणवणं आपल्यापर्यंत पोचवायला त्यानं उजेड, चौकट आणि कागद कसे वापरले, यावर सगळं ठरतं. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकारावर एकदा अशी टीका झाली की, याच्या फोटोंतली ताकद फोटोग्राफीची नाही, समोर बसलेल्या माणसांवर हा जी मोहिनी घालतो तिची आहे. १९२२ पासून तो ढगांचे फोटो काढायला लागला. ढग फुकट असतात, सगळ्यांचे असतात, त्यांना नाव-प्रतिष्ठा नसते. तरीही त्या फोटोंसमोर माणसं थांबली. एडवर्ड वेस्टननं १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. नरसाळ्याच्या आतून परतणाऱ्या मऊ उजेडात तिच्या वळ्या अशा उठून आल्या की ती मिरची आहे हे क्षणभर विसरायला होतं. परभणीच्या भाजी बाजारात असल्या मिरच्या ढिगानं मिळतात, आणि नरसाळं घरोघरी आहे. साहित्याची अडचण नाही. अडचण बघण्याची आहे.

आता उजेडाबद्दल. इंटरनेटवरचे शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ एकच सांगतात: सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास गाठा, सोनेरी उजेड असतो, दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवा. थंड प्रदेशात राहणाऱ्यांसाठी तो सल्ला ठीक असेल. आमच्याकडे फाल्गुनापासून मृगापर्यंत अकरा ते चार हे ऊनच दिवसाचा मोठा भाग खाऊन टाकतं, आणि त्या वेळात माणसं सावलीत असतात. मराठवाड्याचं निम्मं आयुष्य सावलीत आणि अंधारात चालतं. वाड्याच्या ढाळजेत, वसरीत, माजघरात, देवळाच्या सभामंडपात, मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या आतल्या बाजूला, बारवेच्या खालच्या पायऱ्यांवर. इथल्या बांधणाऱ्यांनी शेकडो वर्षं एकच विचार केला, ऊन बाहेर कसं ठेवायचं आणि उजेड आत कसा घ्यायचा. म्हणून आमच्या भागातल्या फोटोग्राफीनं सोनेरी तासाच्या मागं धावण्याआधी अंधारात शिरणारा उजेड वाचायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या आजोळचं घर माळवदाचं होतं. जाड भिंती, सागवानी खांब, वर लादणी आणि तिच्यावर मातीचा जाड थर. माजघरात माळवदाला एक झरोका होता. आजी त्याच्यावर पावसाळ्यात फुटकी परात पालथी घालायची. उन्हाळ्यात परात बाजूला सरकली की दुपारच्या आत उजेडाचा एक तिरका खांब माजघरात उतरायचा. चुलीचा धूर असला तर तो खांब हातात धरता येईल इतका घट्ट दिसायचा, आणि चूल विझलेली असली की फक्त जमिनीवर एक गोल पडायचा. सारवलेल्या जमिनीवरच्या बोटांच्या खुणा त्या गोलात आल्या की एकदम खोल दिसायच्या. नंतर तो गोल सरकत सरकत भिंतीवर चढायचा, देवळीतल्या तेलाच्या बाटलीवरून जायचा आणि बाटलीतून गेलेला पिवळसर उजेड शेजारच्या चुन्यावर पडायचा. बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या जागेच्या, तोंडाशी पोचेपर्यंत त्याची धार गेलेली असायची. आजी घड्याळ न बघता चहाचं आधण ठेवायची ते याच्याच भरवशावर.

झरोका लहान असला तर तो नुसता उजेड आत सोडत नाही, सूर्याचं चित्रच जमिनीवर टाकतो. पत्र्याच्या शेडला खिळ्यांची भोकं असतात. भोक वेडंवाकडं असलं तरी जमिनीवरचा ठिपका गोलच पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी हेच ठिपके कोरीसारखे कापलेले दिसतात. गोदामाचं दार लावून घेतलं आणि फळीला बारीक छिद्र असलं तर रस्त्यावरची बैलगाडी समोरच्या भिंतीवर उलटी चालताना दिसते. कॅमेऱ्याचं मूळ तत्त्व हेच. ज्याला हे शिकायचंय त्यानं एक खोली काळ्या कागदानं बंद करावी, कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडावं आणि समोर पांढरी चादर टांगून बसावं. डोळे सरावले की समोरचं लिंबाचं झाड उलटं, रंगांसकट, पानं हलत असलेलं दिसायला लागतं. कुठल्याही कोर्सच्या पहिल्या धड्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, आणि लहान मुलं घरात असतील तर त्यांचा तो दिवस कायमचा लक्षात राहतो.

या घरांबद्दल लिहिताना एक गोष्ट वगळून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हीच जाड दगडमातीची घरं आणि माळवदाचा हाच भार हजारो माणसांच्या अंगावर आला. त्यानंतर लातूर-धाराशिव भागात माळवदाखाली निजायला लोक घाबरायला लागले, आणि ती भीती अगदी रास्त होती. आज माळवदं उतरवून पत्रे किंवा स्लॅब घालणाऱ्या माणसाला 'जुनं सौंदर्य मोडताय' असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्या झरोक्यांतला उजेड पाहिलेली शेवटची पिढी अजून आहे. अशा घरात कॅमेरा घेऊन गेलात तर दोन्ही गोष्टी मनात असू द्या. मी माळवदाचा फोटो काढते तेव्हा नुसता उजेड टिपून माझं समाधान होत नाही, त्या छताचं वजनही फोटोत यावं असं वाटतं. त्यासाठी कॅमेरा खाली जमिनीजवळ ठेवते आणि चौकटीचा वरचा बराच भाग काळा सोडते.

तंत्राचं थोडं इथंच सांगते. अंधाऱ्या खोलीत मोबाइल किंवा कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, आणि अंधार करडा होऊन जातो. मोबाइलवर उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक होतं, मग बोट खाली ओढून चित्र गडद करा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर उणे करा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यानं स्वतःचे बदल न केलेली मूळ फाइल) घ्या. सावलीत सगळं दिसलंच पाहिजे हा हट्ट सोडून द्या. बाकी सेटिंग्ज महत्त्वाच्या नाहीत.

अंधारातल्या उजेडाची सर्वात मोठी शाळा आपल्याच मुलखात आहे, ती म्हणजे अजिंठा. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर ३० लेणी आहेत. वळणामुळे प्रत्येक लेण्याचं तोंड वेगळ्या दिशेला, म्हणून प्रत्येकात उजेड वेगळ्या वेळी शिरतो. आत जाताना कॅमेरा बंद ठेवा. फ्लॅशला तिथं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. माणसाच्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि बहुतेक पर्यटक त्याच्या आत बाहेर पडलेले असतात. शक्यतो गर्दी नसलेल्या दिवशी जा (सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ) आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर, मिळेल तितका वेळ उभं राहा. नाकाच्या दांडीवर, खालच्या ओठावर, हनुवटीवर चित्रकारानं उजळ रंगाचे अगदी मोजके स्पर्श ठेवलेत. सगळा चेहरा उजळवण्याची त्याला गरज वाटली नाही. पोर्ट्रेटचा उजेड म्हणजे काय, हे मला त्या स्पर्शांनी जितकं शिकवलं तितकं कशानंच नाही.

पूर्वी वाटाडे बाहेरच्या उन्हात पत्रा किंवा आरसा धरून उजेडाची तिरीप आत वळवायचे. भिंतीवर उजेड सरकायचा, एक चेहरा उजळायचा, मग हत्ती, मग कमळ, आणि मागचं पुन्हा अंधारात जायचं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना चौकट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

अजिंठ्याचा आणि कॅमेऱ्याचा संबंध जुना आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं तिथं पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून गेला. १८४४ मध्ये मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल या चित्रांच्या नकला करायला आला. अजिंठा गावातल्या बारादरीत राहून त्यानं कॅनव्हासवर वर्षानुवर्षं काम केलं. ती चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. पण तोपर्यंत गिलनं कॅमेरा हातात घेतला होता. तो स्टिरिओ फोटो काढायचा, म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून एकाच दृश्याचे दोन फोटो, भिंगातून पाहिले की खोली दिसते. १८६४ मध्ये त्याचे लेण्यांचे फोटो छापूनही आले. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या, त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेल्या. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांच्या आधारे चार मोठे खंड काढले. एखाद्या जुन्या ग्रंथालयात ते पाहायला मिळाले तर दिवस तिथंच घालवा. छापलेल्या पानावर रंगांच्या छटा कशा धरायच्या, याचा तो वस्तुपाठ आहे.

गिलच्या लेणी-फोटोंपुढे मी फार वेळ रमते. त्यात बरेचदा खांबाजवळ एक माणूस उभा किंवा बसलेला असतो. तो लेण्याचा आकार कळावा म्हणून ठेवलेला असणार. पण आज बघताना डोळा त्या माणसाकडेच जातो. कोण होता, किती वेळ न हलता थांबला असेल? नोंद म्हणून काढलेला फोटो दीडशे वर्षांनी आपल्या मनात दुसरंच काही होऊन बसतो.

वेरूळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिथं दुपारनंतर जावं. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार का झोपडा म्हणतात, मार्चच्या सुमारास उतरत्या सूर्याची किरणं चैत्यगवाक्षातून, म्हणजे दर्शनी भागातल्या मोठ्या खिडकीतून, थेट बुद्धमूर्तीवर पडतात. त्या दिवसांत गर्दी फार असते. मला तिथला डिसेंबरचा साधा दिवस जास्त आवडतो. छताच्या दगडी वाशांवर परावर्तित उजेडाची फिकट लहर असते तेवढी पुरते. ज्यांना लांब जाणं जमत नाही त्यांनी सेलूजवळच्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव बघावी, चारठाण्याची देवळं बघावीत, औंढ्याच्या नागनाथाच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात बघावीत. नळदुर्गचा पाणीमहाल, तेरचं संग्रहालय, होट्टलची मंदिरं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावापासून एसटीनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं काही ना काही आहेच.

आता दुष्काळाच्या फोटोंकडे परत येते, कारण त्यांचाही इतिहास आहे. गिल अजिंठ्यात आला त्याच १८४४ मध्ये तिकडे मेरठजवळच्या सरधन्यात लाला दीनदयाळ जन्मले. पुढे ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि राजा मुसव्विर जंग हा किताब त्यांना मिळाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. दीनदयाळांच्या स्टुडिओनं महाल, शिकारी, मेजवान्या टिपल्या, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकामांचेही फोटो काढले. चौकट व्यवस्थित, माणसं रांगेत, सगळं नीट मांडलेलं. सरकारनं केलेलं काम दाखवणारे ते फोटो आहेत. म्हणजे आपल्या मुलखातल्या भुकेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करण्याची रीत सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि प्रत्येक वेळी ते कुणाला काय दाखवण्यासाठी, हे ठरवणारा दुसराच कुणी होता. आर्ट फोटोग्राफी करणाऱ्यानं या प्रश्नाशी झगडलंच पाहिजे. अनोळखी म्हाताऱ्याच्या सुरकुत्या जवळून टिपून, कॉन्ट्रास्ट वाढवून स्पर्धेला पाठवणं मला पटत नाही. त्यात त्या माणसाचं काहीच नसतं.

याच्या अगदी उलट काम बघायचं तर आजच्या छायाचित्रकार गौरी गिल यांचं बघा. पालघर जिल्ह्यात जव्हारच्या परिसरात बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, कागदी मुखवटे बनवणारे आदिवासी कलाकार आहेत. गौरी गिल यांनी त्यांना देवदेवतांऐवजी रोजच्या जगण्याचे मुखवटे करायला सांगितले, आणि गावातली माणसं ते मुखवटे घालून दुकानात, दवाखान्यात, खाटेवर बसली. फोटोत काय दिसावं हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलं. असं काही आपल्याकडे वासुदेव, पोतराज, गोंधळी यांच्याबरोबर करता येईल का, हा विचार मला कधीपासून छळतोय.

मला स्वतःला शिकवलं ते परभणीतल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. डिजिटल येण्याआधी ते पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो आणि लग्नं करायचे. त्यांच्याकडे रिटचिंगचं एक लाकडी डेस्क होतं. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड वर. पेन्सिलचं शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि निगेटिव्हवरच्या देवीच्या व्रणांवर अगदी हलके स्वल्पविराम काढल्यासारखं टेकवत जायचं. निगेटिव्हवर जे गडद होतं ते प्रिंटवर उजळतं. चेहरा गुळगुळीत व्हायचा, पण त्या माणसाचा राहायचा. "पोरी, सगळे डाग नको काढू," ते सांगायचे. "त्याच्या मायला पोरगं ओळखू आलं पायजे."

डार्करूममध्ये त्यांनी मला लाल बल्बखाली उभं केलं तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार मोठ्या दिवसांपैकी आहे. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राचा, उजेड कागदावर पडत असताना ते तळहात मध्ये धरून हलवत राहायचे. हात थांबला तर त्याची कड उमटते, म्हणून सतत हलता. जिथं हाताची सावली पडली तो भाग प्रिंटवर उजळ राहायचा. कपाळ जास्त काळं होतंय, तिथं हात. पातळाची घडी पांढरी राहतेय, तिथं भोकाच्या पुठ्ठ्यातून जास्त उजेड. "आधी उजेड कुठून यायलाय ते बघ, मग माणूस बघ," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी खिडकीकडे जाते. फोटोशॉप आणि स्नॅपसीड या ॲपमधलं डॉज-बर्न (एखादा भाग उजळ किंवा गडद करणं) हे त्याच हाताचं काम आहे. त्या हाताची हालचाल एकदा पाहिली की मग स्क्रीनवर किती करायचं आणि कुठं थांबायचं, हे कळतं.

तालुक्याच्या गावात असे काका अजून आहेत. बहुतेकांनी डार्करूम बंद करून करिझ्मा अल्बम (संगणकावर सजवून छापलेले लग्नाचे अल्बम) सुरू केलेत. जाऊन बसा त्यांच्याजवळ. तरुण वेडिंग फोटोग्राफरकडेही पुष्कळ शिकण्यासारखं असतं. धावपळीत माणसं हाताळणं, कमी उजेडात काम करणं त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही.

इंटरनेटवर खरोखर कामाचं काय आहे? संग्रहालयं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सगळ्यांना मोकळ्या केल्या, त्यात जुनी छायाचित्रंही आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १९३५ ते १९४४ या मंदीच्या आणि युद्धाच्या काळातल्या ग्रामीण अमेरिकेच्या फोटोंचा प्रचंड साठा आहे. तो पाहताना मला तिथल्या धुळीत आमचं बीड दिसतं. न्यूयॉर्कच्याच मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं छायाचित्र कसं पाहावं यावर ऑनलाइन कोर्स तयार केलाय. मराठीत वाचायचं तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर ग्रामीण भारताच्या गोष्टी फोटोंसकट आहेत, आणि बऱ्याच मराठीतही. पण एका दिवसात शंभर फोटो बघून काही हाती लागत नाही. मी एकच फोटो घेते, वहीत पेन्सिलनं त्याची ढोबळ आकृती काढते, काळं कुठं आणि पांढरं कुठं एवढंच भरते. चित्रकला येत नसली तरी चालतं. त्या फोटोची हाडं दिसायला लागतात.

माझे सर्वात जवळचे दोन गुरू मात्र मला कधी भेटले नाहीत. एक प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. एका हातानं तो जड लाकडी कॅमेरे वापरायचा. प्राग शहर नाझींच्या ताब्यात असताना, १९४० पासून, तो आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला लागला आणि १९५४ पर्यंत काढत राहिला. काचेवर साचलेली वाफ, बाहेरचं वाकडं झाड, कट्ट्यावरचा ग्लास. विषय संपत नाही, हे तो दाखवतो. नोकरी आणि घर सांभाळून फोटो काढणाऱ्या बायकांना मी सुदेक आवर्जून दाखवते. आपल्यालाही एक खिडकी असतेच.

दुसरे ज्योती भट्ट. भावनगरला १९३४ मध्ये जन्मलेले, बडोद्याचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी गुजरात, राजस्थान आणि पुढे इतर राज्यांतल्या खेड्यांत फिरून भिंतीवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदण आणि ते काढणाऱ्या बायका कॅमेऱ्यात टिपल्या. नोंद ठेवायची म्हणून सुरू केलं, पण चित्रकाराचा डोळा लपत नाही. भिंतीवरचा मोर आणि दारात उभी असलेली बाई एकाच चित्रातल्या वाटतात. त्यांचा संग्रह आता बंगळुरूच्या मॅप या कला आणि छायाचित्र संग्रहालयात आहे आणि बराचसा ऑनलाइन बघता येतो. आमच्याकडे दिवाळीत शेणानं सारवलेल्या अंगणात काव आणि चुन्याचे पट्टे ओढतात, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप करून आत पांडव मांडतात. यांचे फोटो निघतात, पण सणाचे म्हणून, घाईत. कुणीतरी ज्योती भट्टांच्या सबुरीनं याच्यामागं लागायला हवं. आणि ज्याला घराबाहेरचा विषय हवाय त्यानं छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी सरकारी दप्तरखान्यांतल्या फायलींचे काढलेले फोटो पाहावेत, मग आपल्या तहसिलातले लाल कापडात बांधलेले बस्ते बघावेत. निजामाच्या काळातले उर्दू कागद त्यात अजून सापडतात.

हातानं करून बघायचं तर सायनोटाइप करा, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय उन्हात उमटणारे निळे ठसे. जॉन हर्शेलनं ही पद्धत १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सनं त्याच पद्धतीनं समुद्री शेवाळाचे ठसे घेतले. लोहाचे दोन क्षार पाण्यात वेगवेगळे विरघळवून एकत्र करायचे, कागदाला लावायचे, अंधारात वाळवायचे. वर ज्वारीचं कणीस किंवा बाभळीची फांदी ठेवून काच दाबायची आणि उन्हात धरायचं. आमच्या एप्रिलच्या उन्हात काही मिनिटांत काम होतं. मग साध्या पाण्यात धुतलं की कागद गर्द निळा आणि कणीस पांढरं. बाभळीच्या बारीक पानांच्या कडा इतक्या नेमक्या येतात की भिंगातून बघत राहावंसं वाटतं. धुवायला पाणी लागतं, आणि टंचाईच्या दिवसांत मला ते टोचतं. म्हणून मी वाहत्या नळाऐवजी ट्रेमध्ये पाणी घेते, दोन-तीनदा बदलते आणि सायनोटाइपचं काम सहसा दिवाळीनंतरच काढते. औषधं लावताना हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

आणि छापा. मोबाइलवर जे सुंदर वाटतं ते कागदावर टिकतं का, हे छापल्याशिवाय कळत नाही. महागडा कागद लागत नाही, पण चकचकीत नको, मॅट घ्या. प्रिंट भिंतीवर लावा आणि रोज येता-जाता बघा. काही फोटो आठवडाभरात शिळे होतात, ते काढून टाका. उरलेले जमिनीवर पसरून त्यांचा क्रम लावायला घरच्यांना बसवा. माझी आई "भिंतीचा कशाला फोटो काढायलीस" म्हणायची, पण क्रम लावायला बसली की झरोक्याचा फोटो नेमका कुठं हवा ते तिलाच कळायचं.

मराठवाड्यात छायाचित्रांचं कायमस्वरूपी दालन हवं, असं मला फार वाटतं. रॉबर्ट गिलपासून दीनदयाळांपर्यंत ज्या मुलखाचे इतके फोटो निघाले, तिथल्या मुलांना त्यातला एकही मूळ प्रिंट बघायला दूरच्या शहरात जावं लागतं. ते होईल तेव्हा होईल. आत्ता तातडीचं काम वेगळं आहे. जुने स्टुडिओ बंद होतायत, आणि त्यांच्या माळ्यांवरच्या निगेटिव्ह भंगारात जातायत. त्यांत आपल्या गावांची दोन-तीन पिढ्यांची माणसं आहेत. लग्नं, शाळा, पैलवान, वारीला निघालेल्या दिंड्या, जुनी बसस्टँडं. तुमच्या ओळखीत असा स्टुडिओ असेल तर या महिन्यातच जा. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नका, कडेवर उभ्या ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी साध्या कागदाच्या पाकिटात घाला, पाकिटावर पेन्सिलनं गाव आणि अंदाजे साल लिहा, आत घालण्याआधी लिहा म्हणजे दाब पडणार नाही. पत्र्याखालच्या माळ्यावरून काढून घरातल्या सर्वात थंड, कोरड्या खोलीत ठेवा. फोन किंवा टॅबचा पांढरा स्क्रीन उजळून, निगेटिव्ह त्याच्यापासून बोटभर वर धरून मोबाइलनं फोटो घ्या आणि ॲपमध्ये रंग उलटे करा. चेहरे दिसायला लागतील. मग गावातल्या जुन्या माणसांना दाखवा आणि नावं लिहून घ्या, कारण नावं सांगणारी माणसं निगेटिव्हपेक्षाही लवकर जातायत.